फायनल फँटसी 9 परत खेळताना: घरच्यांनी आणि दोस्तांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

आधी थोडं सांगते, नाहीतर पुढे गोंधळ होईल. हा गेम मी पहिल्यांदा बघितला 2002 च्या उन्हाळ्यात, इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी. बघितला म्हणते कारण कंट्रोलर दादाच्या हातात असायचा, दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, तो सोळाचा, मी दहाची, आणि माझी ड्यूटी म्हणजे आजी आली की टीव्हीचा आवाज कमी करणं आणि मधेमधे पोहे पुरवणं. तिसऱ्या सीडीवर गेम अडकला तो अडकलाच. शेवट बघायला मला वीस वर्षं लागली. आता संपवल्यापासून जो तो तेच ते विचारतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. जिथे कथा फुटणार आहे तिथे तसं लिहिलंय, ते सोडून द्या.

हा गेम नक्की कुठला, किती जुना?

पहिल्या प्लेस्टेशनचा. जपानात जुलै 2000 मध्ये आला, अमेरिकेत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, युरोपात 2001 च्या सुरुवातीला. गंमत म्हणजे जपानात प्लेस्टेशन 2 मार्च 2000 मध्येच आलेला होता, म्हणजे नवीन गाडी दारात उभी आणि हे लोक जुन्या गाडीला शेवटचं पॉलिश मारतायत. चार सीडी. कंपनी स्क्वेअर, मालिकेचे जनक हिरोनोबू साकागुची यांनी कथा लिहिली, डायरेक्टर हिरोयुकी इतो, संगीत नोबुओ उएमात्सू, आणि बरंचसं काम झालं हवाईला, होनोलुलूमध्ये. याच्या आधीच्या सातव्या आणि आठव्यामध्ये मोटारसायकली, बंदुका, कारखाने असं सगळं होतं. नवव्यात परत किल्ले, राण्या, उडती जहाजं, टोकदार टोप्यांचे जादूगार.

आधीचे आठ खेळावे लागतील का?

नाही. प्रत्येकाची कथा वेगळी.

आज खेळायचा तर कशावर?

2016 ला नवीन आवृत्ती आली, आधी मोबाइलवर, मग पीसीवर, 2017 ला प्लेस्टेशन 4 वर आणि 2019 ला स्विच आणि एक्सबॉक्स वनवर. मी पीसीवर खेळले, जुन्याच लॅपटॉपवर, काही अडलं नाही. मोबाइलवर चालतो पण इतके तास बोटानं स्क्रीन घासायची तर माझी तरी तयारी नाही, बसमध्ये अर्धा तास ठीक आहे. कोणाकडे पीएस 3 किंवा व्हिटा असेल आणि त्यावर आधी विकत घेतलेला असेल तर तो मूळचाच गेम आहे, सीडी नसलेला, आणि खरं सांगू तर चित्र त्या छोट्या व्हिटाच्या स्क्रीनवर सगळ्यात सुंदर दिसतं. एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुना कन्सोल चालवणारं सॉफ्टवेअर, विचारणाऱ्यांना एवढंच, स्वतःची सीडी असेल तर तिची कॉपी काढून खेळा, चालतो नीट.

माळ्यावरून जुना कन्सोल काढला पण चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय, खराब झालाय का?

बहुतेक नाही झालाय. आमचंही अगदी हेच झालं होतं. काकांनी मस्कतहून कन्सोल आणला, दादानं लावला, आणि पहिले दोन दिवस आम्हाला वाटलं की हा गेम असाच आहे, जुन्या काळातला, काळापांढरा. कसंय, अमेरिकेची सीडी एनटीएससी सिग्नल काढते, सेकंदाला 60 चित्रं, आणि आपल्याकडचे टीव्ही पाल, 50 वाले. चित्र तर टीव्ही कसंबसं बसवून घेतो पण रंग ज्या पद्धतीनं भरलेले असतात ती पद्धत त्याला कळत नाही, मग तो रंग सोडूनच देतो. टीव्हीच्या मेनूत सिस्टीम म्हणून काहीतरी असतं, ते ऑटो किंवा एनटीएससी करा. आम्ही तिसऱ्या दिवशी हे केलं तेव्हा अलेक्झांड्रियाची ती केशरी संध्याकाळ एकदम दिसली आणि आजी पण दोन मिनिटं उभी राहून बघत होती, मग म्हणाली अभ्यास करा.

नवीन आवृत्तीत माणसं चकचकीत पण मागचं चित्र धूसर, असं का?

कारण मागची चित्रं ही चित्रंच आहेत, आधीच बनवून ठेवलेली, सीडीवर जुन्या टीव्हीच्या मापाला कापून बसवलेली. माणसं मात्र कॉम्प्युटर तिथल्या तिथे काढतो, त्यामुळे ती कितीही मोठ्या स्क्रीनवर धारदार काढता येतात. मग दिसतं असं की पुसट पोस्टरसमोर प्लास्टिकच्या बाहुल्या नाचतायत. जुन्या जाड टीव्हीवर दोन्ही सारखंच अंधुक असायचं म्हणून एकजीव वाटायचं. पीसीवाल्यांनी चाहत्यांनी केलेला मोगुरी मॉड टाकावा, फुकट आहे, मागची चित्रं मोठी आणि स्वच्छ करून बसवलीयेत, मेहनत बघून हात जोडावेसे वाटतात.

मुंडकी एवढी मोठी का सगळ्यांची?

मुद्दाम. अगदी जुन्या फायनल फँटसी गेम्समधले ठिपक्यांचे ठेंगणे पुतळे आठवावेत म्हणून. दोन तासांत सवय होते.

लढाया इतक्या हळू का चालतात? मी दुसऱ्याच दिवशी बंद केला.

हे खरंय, मी गेमची बाजू घेणार नाही. लढाई सुरू व्हायला वेळ, मग कॅमेरा गोल गोल फिरणार, मग कोणीतरी वार करणार. सातव्या-आठव्यात तीन जण लढायचे, इथे चार, आणि त्यात प्रत्येकाचा वार पूर्ण दाखवल्याशिवाय पुढचा नाही, म्हणजे तुम्ही ऑर्डर दिलीत तरी ती रांगेत उभी राहते, तोपर्यंत ज्याला औषध द्यायचं होतं तो आडवा झालेला असतो. पण यातून एक कामाची गोष्ट निघते, ती नीट ऐका. वेग वाढवणारी हेस्ट जादू इथे तितकी कामाची नाही कारण पाळी यायची पट्टी लवकर भरून करायचं काय, पुढे रांगच आहे. रीजेन मात्र, म्हणजे हळूहळू तब्येत भरणारी जादू, ती वार चालू असताना पण चालूच राहते, राक्षस आपली लांबलचक जादू दाखवत बसला की तेवढ्या वेळात तुमचे सगळे ठणठणीत. पुढे पुढे ऑटो-रीजेन मिळाली की ती काढू नका.

नवीन आवृत्तीत वेग वाढवायची सोय आहे. माझं म्हणणं असं की ती फक्त लढाईत लावा आणि लढाई संपली की बंद. कारण ती लावली की सगळंच पळतं, माणसं पळत पळत रडतात. मी पहिले सहा-सात तास असंच केलं, सगळं फास्ट, आणि मला वाटायला लागलं की लहानपणी उगाच डोक्यावर घेतला होता याला. मग एकदा चुकून बंद राहिलं आणि स्टायनर नावाचा सरदार लोखंडी कपड्यात खण खण करत जिना चढतोय एवढंच बघून हसू आलं. तो विनोद त्या खण खण खणमध्येच आहे, पाचपट वेगात तो विनोद नाहीच.

बाकीच्या सोयी, म्हणजे 9999 चा वार, राक्षस बंद, त्यांचं काय?

राक्षस बंद करणं कधीकधी ठीक आहे, रस्ता चुकला असेल तेव्हा. 9999 लावून खेळायचं असेल तर मग व्हिडिओच बघा ना.

सेव्ह कुठे करायचं?

इंदूरच्या माणसाला सेव म्हटलं की दुसरंच आठवतं, पण असो. मूगल नावाचे पांढरे गुबगुबीत प्राणी असतात, डोक्यावर लाल गोंडा, ते दिसले की सेव्ह. नवीन आवृत्तीत ऑटोसेव्ह आहे त्यामुळे तुम्हाला काही त्रास नाही. आमच्या वेळी मध्य प्रदेशात लाइट जायची तर अशी जायची की विचारू नका, वेळापत्रक असायचं पण ते पाळायचं कोणी, आणि इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब, टीव्ही नाही. दोन तास मूगल नाही मिळाला आणि बत्ती गुल झाली की दादा अंधारात एक शब्द न बोलता बसून राहायचा आणि मी पोहे घेऊन यायचे. आजही मी मूगल दिसला की आधी सेव्ह करते, मग त्याच्याशी बोलते.

सुरुवातीला नुसतं नाटकच चालू आहे, गेम कधी सुरू होतो?

अहो तेच तर आहे! मराठी माणसानं ही तक्रार करू नये. राजकन्या गार्नेटचा सोळावा वाढदिवस, त्यासाठी उडत्या जहाजातून नाटक कंपनी आलीये, जहाजावरच स्टेज, आणि कंपनी म्हणजे खरं तर चोरांची टोळी, आपला हिरो झिदान त्यातलाच, नाटक चालू असताना राजकन्येला पळवायचा डाव. इकडे व्हिव्ही नावाचा छोटा जादूगार तिकीट घेऊन आलाय आणि ते तिकीट निघतं खोटं. पहिल्यांदा बघताना मला ती गर्दी एकदम अनंत चतुर्दशीची वाटली होती, राजवाड्याकडे झांक्या बघायला आम्ही जायचो ना रात्रभर, तसंच, मोठ्यांच्या पायांमधून डोकं काढून बघणारं एक पोर. आणि मग तो स्टायनर, राणीचा इमानी सरदार, राजकन्येला वाचवायला धावतो तो थेट स्टेजवर, आणि लोकांना वाटतं हा नाटकातलाच आहे, टाळ्या. फार्समध्ये चुकीच्या दारातून येणारं पात्र असतं ना, अगदी ते. इंदूरच्या सानंद संस्थेची नाटकं बघत मोठे झालेल्यांना हा सीन जास्त कळतो असं माझं मत आहे, जपानी लोकांनी रागावू नये.

तलवारबाजीच्या वेळी बटणं दाबायला सांगतात ती नीट दाबा, प्रेक्षकांत शंभर सरदार आहेत, किती खूश झाले ते नंतर सांगतात. माझे कधी शंभर झाले नाहीत.

नावं बदलता येतात म्हणे. बदलू का?

बदला, पण विचार करून, कारण पूर्ण गेमभर तेच दिसणार. दादानं व्हिव्हीचं नाव बाळू ठेवलं होतं. मला घरात बाळू म्हणायचे, का ते आता कोणालाच आठवत नाही. इंग्रजीत लिहिल्यामुळे त्याचा झाला बालू. स्टायनर व्हिव्हीला फार मान देतो, मास्टर व्हिव्ही म्हणतो, त्यामुळे आमच्या गेममध्ये तो एवढा मोठा सरदार मास्टर बालू, मास्टर बालू करत मागे मागे. मी परत खेळताना पण तेच नाव ठेवलं.

बिआट्रिक्सला हरवताच येत नाही, काय चुकतंय?

काही चुकत नाहीये. ती राणीची सेनापती, तीन वेळा भेटते आणि तिन्ही वेळा ठरलेलं आहे, थोडा वेळ टिकलात की ती एक मोठा वार करते, सगळ्यांची तब्येत 1 वर येते आणि लढाई संपते. औषधं वाया घालवू नका, तेवढ्या वेळात तिच्याकडची चोरी करून घ्या. आमच्या दादानं बर्मेशियात आठ वेळा परत परत लोड केलं होतं, त्याला वाटलं हा अपमान आहे.

चोरी कधी होतच नाही. झिदान कसला चोर?

झिदानच्या चोरीचा हिशोब असा, प्रत्येक मोठ्या राक्षसाकडे चार वस्तू असू शकतात, पहिली सहज मिळते, दुसरी चारात एकदा, तिसरी सोळात एकदा आणि चौथी 256 मध्ये एकदा. हो, 256. वर झिदानचा हात लागतो की नाही हे आधी वेगळं ठरतं, ते बँडिट नावाचं कौशल्य शिकलात की सुटतं, म्हणून ते मिळाल्याबरोबर शिका. चौथ्या वस्तूसाठी अर्धा अर्धा तास बसणारे लोक आहेत. मी एकदा बसले, मिळाली, आणि दहा मिनिटांनी तीच वस्तू दुकानात दिसली. तेव्हापासून बंद.

काय विकू नये?

दोन गोष्टी. एक, जुनी हत्यारं लगेच विकू नका कारण लिंडब्लम शहरापासून पुढे अशी दुकानं आहेत जिथे दोन जुन्या वस्तू देऊन एक नवीन करून मिळते, झिदानचा साधा खंजीर आणि मेज मॅशर दिला की बटरफ्लाय सोर्ड होते, आणि खंजीर विकून बसलेला माणूस मग तोंड बघत राहतो. शिवाय प्रत्येक हत्यार, टोपी, अंगठी काहीतरी कौशल्य शिकवते, घालून लढत राहिलं की एपी जमतात आणि भरले की ते कौशल्य कायमचं तुमचं, म्हणून शिकून होईपर्यंत जुनंच घालून फिरायला लागतं, नवीन तलवार पिशवीत पडून. ही पद्धत मला फार आवडते. आमची आई नवीन साडी आली तरी जुनी विरेपर्यंत नेसायची.

दुसरं म्हणजे खडे. गार्नेट, ओपल, टोपाझ, हे औषधासारखे वापरून टाकतात लोक. तुमच्याकडे जेवढे जास्त तेवढे डॅगरचे, म्हणजे नाव बदललेल्या राजकन्या गार्नेटचे, बोलावून आणलेले देव जोरात वार करतात, शिवासाठी ओपल, इफ्रितसाठी टोपाझ असं. गेम हे धड कुठे सांगत नाही.

लिंडब्लमच्या शिकारीत कोणाला जिंकवू?

टीममधल्याच फ्रेयाला. कोरल रिंग मिळते. झिदान जिंकला तर 5000 गिल आणि पैसे काय, येतात.

तो पत्त्यांचा खेळ कसा खेळायचा?

टेट्रा मास्टर. याचे नियम गेममध्ये कोणी नीट सांगत नाही, चार आकडे आणि बाण, बाणाला बाण भिडला की आकड्यांची लढाई, आणि त्यात नशीब एवढं घुसवलंय की जोरदार पत्ता पण फालतू पत्त्याकडून मार खातो. आठव्यातला पत्त्यांचा खेळ बरा होता, हे मी कितीही वाईट वाटलं तरी म्हणणार. पण तिसऱ्या सीडीच्या सुरुवातीला ट्रेनोमध्ये स्पर्धा आहे, ती जिंकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून पाच चांगले पत्ते जवळ ठेवा. पत्ते शंभरच्या वर ठेवता येत नाहीत.

ट्रेनोबद्दल थोडं. तिथे कायम रात्र. श्रीमंतांच्या हवेल्या, खाली चोर, लिलाव, पत्ते. दादा त्याला सराफा म्हणायचा, चला सराफ्यात जाऊ, कारण आमच्याकडे पण दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री ती बंद झाली की खरा बाजार सुरू. फक्त भुट्ट्याचा कीस नाही मिळत ट्रेनोला.

क्विनाला टीममध्ये घेऊ का?

जीभ बाहेर, पांढरा टोप, डोक्यात फक्त खाणं, इंदूरचाच माणूस वाटतो तो. किंवा ती, गेमनं ठरवलेलंच नाही. पहिल्यांदा दलदलीत भेटतो तेव्हा घेतला नाही तरी पुढे येतोच. राक्षसाची तब्येत पाव हिश्श्यावर आली की त्याला खाऊन त्याची जादू शिकतो. बेडूक पकडायचा एक खेळ आहे त्याचा, मला कंटाळा येतो, भाच्याला जमतो.

एक्सकॅलिबर 2 मिळवायची आहे.

मिळवा. त्यासाठी पूर्ण गेम पळत पळत खेळून 12 तासांच्या आत मेमोरिया या शेवटच्या जागी पोचायला लागतं. युरोपच्या सीडीवर तर हे अजून अवघड होतं कारण तिथे गेम 50 च्या वेगानं हळू चालायचा आणि घड्याळ मात्र चालूच. मला आरामात खेळून 44 तास लागले. 12 तासांत कोणाशी बोलणार, काय बघणार? स्टायनरला दुसऱ्या तलवारी आहेत.

1000 दोरीउड्या?

व्हिव्हीचा दोरीउड्यांचा खेळ ना, नाही जमल्या. 112.

गाईड बघून खेळू का?

पहिल्यांदा नको. खूप गोष्टी एकदा सुटल्या की सुटल्या, चौथ्या सीडीवर काही जागा बंदच होतात, हे वाचून लोक घाबरून गाईड उघडतात आणि मग गेम म्हणजे सामानाची यादी होऊन जाते. एक गंमत सांगते, तेव्हा याचं जे अधिकृत पुस्तक निघालं होतं अमेरिकेत, त्यात अर्ध्या ठिकाणी उत्तरच नव्हतं, तर एक कोड होता, तो प्लेऑनलाइनच्या साइटवर टाका आणि तिथे वाचा. म्हणजे पैसे देऊन पुस्तक घ्यायचं आणि मग कॅफेत जाऊन तासाचे पैसे देऊन इंटरनेटवर वाचायचं. लोक अजून शिव्या देतात त्या पुस्तकाला.

फक्त एक सांगून ठेवते, स्क्रीनवर एटीई असं आलं की सिलेक्ट दाबा. बाकीची पात्रं त्या वेळी कुठे काय करतायत ते छोटे छोटे प्रसंग आहेत, अर्धा गेम तिथेच आहे.

मराठीत किंवा हिंदीत आहे का?

नाही. इंग्रजी आणि जपानी, अजून चार युरोपियन भाषा. बोललेलं काही नाही, सगळं वाचायचं. आमच्याकडे दादा होता. तो वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा काढून, राणी ब्राह्नचा आवाज आमच्या एका आत्याबाईंचा होता, कोणत्या ते नाही सांगत. मला तेव्हा इंग्रजी ए फॉर अॅपल च्या थोडं पुढे. त्याला पण सगळं कळायचं असं नाही, शब्दकोश मांडीवर, आणि जिथे अडेल तिथे ठोकून द्यायचा. मला वीस वर्षं वाटत होतं की कूजा, म्हणजे गेमचा खलनायक, हा झिदानचा मावसभाऊ आहे. तसा फार चुकला नव्हता म्हणा.

म्हणजे दादा खोटं सांगायचा?

(इथे कथा फुटते.) दुसऱ्या सीडीवर व्हिव्हीला जंगलात एक गाव सापडतं. तिथे सगळे त्याच्यासारखेच, तीच टोकदार टोपी, तेच पिवळे डोळे, नावं नाहीत, नंबर. युद्धासाठी बनवलेले, मग जाग आली आणि पळून आलेले. गावाच्या एका टोकाला मातीचे उंचवटे आहेत आणि त्यावर काठ्या आणि टोप्या. 288 नंबरचा व्हिव्हीला सांगतो की आपल्यातले काहीजण अचानक थांबतात, हलत नाहीत, बनवल्यापासून साधारण एक वर्षात, म्हणून त्यांना इथे पुरलंय.

दादानं मला सांगितलं होतं की ते झोपलेत. उन्हाळा आहे ना, जमिनीखाली गार असतं, म्हणून खड्डा करून झोपतात, पाऊस पडला की उठतील. मला ते लगेच पटलं कारण आमच्याकडेही मे महिन्यात दुपारी सगळे खालच्या खोलीत फरशीवरच झोपायचे, ओलं फडकं मारून.

2022 च्या पावसाळ्यात मी तो सीन स्वतः वाचला. परत वाचला. मग दादाला फोन लावला, तो आता पुण्यात असतो, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आधी तर घाबरला की आईला काय झालं. म्हटलं तू मला झोपलेत बोलला होतास. कोण झोपलेत? म्हटलं ते काळे जादूगार, गावातले. थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, अगं तुझंच नाव दिलं होतं त्याला, मग काय सांगणार होतो.

आणि मग विचारलं की पुढे काय झालं, कारण शेवट त्यानं पण बघितला नव्हता. तिसरी सीडी आमची एका दुकानातून घेतलेली डुप्लिकेट, अलेक्झांड्रियावर बहामूत नावाचा ड्रॅगन आग ओकतो तो मोठा व्हिडिओ सुरू व्हायचा आणि सीडी किर्र किर्र करून थांबायची. टूथपेस्ट लावून पुसली, उलटा कन्सोल ठेवून चालवला, फ्रिजमध्ये ठेवली. काही नाही. त्या उन्हाळ्यात दादानं मला शेवट स्वतःच्या मनानं सांगितला होता, त्यात झिदान राजा होतो आणि बालू मोठा होऊन विमान चालवतो.

लहान मुलांना दाखवावा का?

दादाचा मुलगा आठ वर्षांचा, गेल्या उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडे होता, आत्या गेम लाव म्हणून मागे लागायचा. मी वाचून दाखवायचे मराठीत, आवाज काढून, राणीला तोच आवाज दिला. तो गावातला सीन आला आणि माझ्या तोंडून निघालंच की ते झोपलेत. तो म्हणाला, आत्या तिथे असं नाही लिहिलंय. इंग्लिश मीडियम. मग त्यानं स्वतःच वाचलं, हळूहळू, बटण न दाबता. त्याच गावात दोन जादूगार एक चोकोबो पक्ष्याचं अंडं उबवत बसलेले असतात, त्याला त्याचीच काळजी जास्त, ते अंडं फुटणार ना, हेच चार दिवस विचारत होता. फुटतं. त्याला आधीच सांगून टाकलं मी.

म्हणून उत्तर, दाखवा, पण सोबत बसा.

शेवटचा बॉस अचानक कुठून येतो?

कुठूनच. सगळेच हे विचारतात. कूजाशी लढाई झाली की एकदम नेक्रॉन उभा राहतो आणि मृत्यू, शून्य वगैरे भाषण देतो. तिसऱ्या अंकात नवीन पात्र, तेही निर्मात्याचा मेहुणा असल्यासारखं. लढा आणि पुढे जा, त्याच्यानंतरचं जे आहे ते बघायचंय, ते मी सांगणार नाही, एवढंच की परत नाटकाचा पडदा उघडतो. आणि गाणं लागतं ते शेवटपर्यंत ऐका, एमिको शिरातोरींनी गायलेलं.

जुनं मेमरी कार्ड अजून चालतं का?

चालतं. त्यात बॅटरी नसते, फ्लॅश मेमरी असते, 128 केबी, 15 ब्लॉक, म्हणून इतकी वर्षं माळ्यावर राहूनही सेव्ह टिकतं. काँटॅक्ट काळे पडले असतील तर खोडरबरानं हलकेच पुसा, फुंकर मारू नका, थुंकी उडते. आमच्या कार्डावर 9 ब्लॉक क्रिकेटच्या गेमनं खाल्लेले, दोन रिकामे, आणि चार या गेमचे. शेवटचं सेव्ह ट्रेनोचं आहे, 26 तास आणि काही मिनिटं. लोड केलं तर व्हिव्ही पार्टीत होता, लेव्हल 24, आणि दादानं त्याला गरज नसताना सगळ्यात महागडी टोपी घातलेली होती.